फाईल उतरवून घेताना : एफटीपी आणि ब्राउझर



आपल्या अभ्यासिकेत येणारी मुले-मुली रोज काही ना काही इंटरनेटवरून उतरवून घेत असतात. कुणी बालभारतीचे पाठ्यपुस्तक घेतो, कुणी स्पर्धा परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका, तर कुणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांच्या ग्रंथमालेतील एखादा खंड. या मालेचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ रोजी प्रकाशित केला. पुढे हे खंड पीडीएफ स्वरूपात परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही ठेवण्यात आले. एकेका खंडाची पाने शेकड्यांनी असल्याने फाईल मोठी होते. पडद्यावर बोट टेकवले, फाईल आली, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. ती पुरी आली का, जशी होती तशीच आली का, हे कुणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो. त्याची किंमत याच स्मरणिकेच्या एका जुन्या अंकाला मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईलच. त्या अनुभवामुळेच यंदाच्या पाठासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही आढळते. 'एफटीपी आणि ब्राउझर यांतील फरक सांगा' असा प्रश्न आला की विद्यार्थी दोन्ही एकाच जातीच्या वस्तू समजून लिहू लागतात. एफटीपी म्हणजे फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे आधी ठरलेले नियम. ब्राउझर हे नियम नव्हेत, ते साधन आहे. ब्राउझर ज्या नियमांनी बोलतो त्यांना एचटीटीपी म्हणतात. तेव्हा खरी तुलना एफटीपी आणि एचटीटीपी यांची आहे. बोलण्याच्या सोयीसाठी आपण ब्राउझर म्हणू, एवढेच.

दोहोंत एफटीपी वडील आहे. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, त्या वेळी अमेरिकेत एमआयटीत होते. जगभर वापरल्या गेलेल्या या नियमांची सुरुवात एका भारतीय विद्यार्थ्याच्या हातून झाली, हे आपल्याकडच्या संगणकाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याला जे रूप मिळाले, तेच मुख्यतः आजही चालते. ब्राउझरची वाट टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत १९८९ ते १९९१ या काळात घातली. म्हणजे वयात जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, मुंबईसह काही मोठ्या शहरांत. तेव्हा व्यक्तीसाठी २५० तासांचे ५,००० रुपये पडत आणि वेग सेकंदाला ९,६०० बिट इतकाच होता. आठ बिटांचा एक बाइट धरला तर सेकंदाला १,२०० बाइट झाले. एक एमबीची फाईल यायला साडेचौदा मिनिटे लागतील, हा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. स्वस्त खात्यांवर चित्रे दिसतच नसत, सगळा कारभार अक्षरांचा. अशा खात्यावर फाईल आधी एफटीपीच्या आज्ञा टंकून निगमच्या यंत्रावर आणायची आणि मग तिथून टेलिफोनच्या तारेने आपल्या यंत्रावर उतरवायची, असा दुहेरी प्रवास होता. त्यामुळे त्या पिढीला एफटीपी डोळ्यांनी दिसत असे. आजच्या विद्यार्थ्याला ब्राउझरच्या बटणामागे काय चालते ते दिसत नाही.

गोदाम, फोन आणि टेम्पो

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते आपल्या सोलापूरच्याच व्यवहारातून पाहू. समजा, चाटी गल्लीत आपले दुकान आहे आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे गोदाम आहे. गोदाम म्हणजे सर्व्हर, दुकान म्हणजे आपला संगणक.

एफटीपीच्या पद्धतीत आपण गोदामाला फोन लावतो आणि काम संपेपर्यंत तो चालूच ठेवतो. आधी आपले नाव सांगायचे, मग परवलीचा शब्द. मग म्हणायचे, अमुक खोलीत जा, तिथे काय काय आहे त्याची यादी दे, त्यातली अमुक गाठ पाठव. बोलणे फोनवर, पण माल मात्र वेगळ्या टेम्पोने येतो. प्रत्येक गाठीला नवा टेम्पो. संगणकाच्या भाषेत फोनची वाट म्हणजे २१ क्रमांकाचे पोर्ट. मालाची वाट निराळी असते, मूळ पद्धतीत ती २० क्रमांकाच्या पोर्टवरून निघते.

ब्राउझरच्या पद्धतीत फोन नाही. आपण पोऱ्याच्या हाती चिठ्ठी देतो : अमुक वस्तू द्यावी. पोऱ्या त्याच वाटेने माल घेऊन परत येतो आणि मालाला हुंडेकऱ्याच्या बिल्टीसारखी एक चिठ्ठी जोडलेली असते. माल कोणत्या प्रकारचा, वजन किती बाइट, शेवटचा बदल कधी झाला, हे तीवर लिहिलेले असते. माल दिला की गोदामवाला आपल्याला विसरून जातो. पुढची चिठ्ठी आली की पुन्हा नवी ओळख. एचटीटीपीची वाट ८० क्रमांकाची, कुलूपबंद एचटीटीपीएसची ४४३ क्रमांकाची.

या एका फरकातून बाकीचे बरेच फरक निघतात. उदाहरणार्थ, एफटीपीच्या मूळ पद्धतीत टेम्पो गोदामाकडून निघून आपल्या दाराशी येतो. १९७१ साली दारावर रखवालदार नव्हता. आता घरोघरी राउटर आहे आणि तो अनोळखी टेम्पोला आत सोडत नाही. अशा वेळी नाव, परवलीचा शब्द, सगळे व्यवस्थित पार पडते, पण यादी मागितली की पडदा गोठतो. विद्यार्थी मग परवलीचा शब्द बदलत बसतात. दोष त्याचा नसतो. टेम्पो आपणच गोदामाकडे पाठवायचा, अशी दुसरी पद्धत आहे, तिला पॅसिव्ह म्हणतात. ती निवडली की बहुधा काम होते. ब्राउझरवाल्यांना ही कटकट नाही, कारण त्यांची जाण्या-येण्याची वाट एकच.

'एफटीपी जलद असते' असे आम्हांला पुष्कळांनी सांगितले आहे. हे आम्हांला पटत नाही. दोन्ही पद्धतींचा माल त्याच रस्त्याने जातो आणि रस्त्याची रुंदी तेवढीच असते. एकच मोठी फाईल असेल तर फरक नगण्य. लहान लहान शेकडो फायली असतील तर उलट एफटीपीच मागे पडते, कारण प्रत्येकीसाठी नवा टेम्पो जुंपावा लागतो. पूर्वी मोठ्या विद्यापीठांची यंत्रे एफटीपीने माल देत आणि ती यंत्रे दमदार असत. त्यावरून हा समज रूढ झाला असावा.

तीनशे एकवीस बाइट

आता ती हकीकत. २०११ सालच्या स्मरणिकेची मांडणी आपल्या एका कार्यकर्त्याने पुण्यात नोकरी सांभाळून रात्री जागून केली. पाने, छायाचित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असे सगळे एकत्र दाबून साधारण २० एमबीची एक फाईल झाली. आमच्या ईमेलला ती पेलेना. तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळासाठी घेतलेल्या जागेत ती एफटीपीने ठेवायची आणि सोलापुरात छापखान्यात ब्राउझरने उतरवून घ्यायची, असे ठरले.

फाईल चढली, उतरली, आणि उघडेना. 'फाईल खराब आहे' एवढेच यंत्र सांगे. छापखानेवाल्याने इंटरनेटला दोष दिला, आम्ही छापखान्याच्या संगणकाला. तीनदा उतरवली, तीनदा तेच. मशीनवर फर्मा चढवायची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी प्रकाशन होते. पेन ड्राईव्हवर आठवड्यापूर्वीची एक प्रत होती, शेवटी तीवरूनच छपाई झाली. त्या प्रतीत शेवटच्या आठवड्यात आलेली दोन नावे नव्हती. दहावीचा एक मुलगा आणि बारावीची एक मुलगी. आम्ही घाईने शुद्धिपत्रक छापून आत घातले. मुलीचे वडील समारंभाला आले होते. त्यांनी अंक दोनदा चाळला आणि काही न बोलता पिशवीत ठेवला. शुद्धिपत्रकाचा कागद त्यांच्या अंकात होता की गळून पडला होता, हे विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

नंतर शांतपणे पाहिले तेव्हा ध्यानात आले की पुण्याची मूळ फाईल आणि छापखान्यात आलेली फाईल यांच्या आकारात तीनशे एकवीस बाइटचा फरक होता. आणखी एक गोष्ट होती, ती आम्ही आधीच ओळखायला हवी होती. तीनदा उतरवलेल्या तिन्ही फायली तंतोतंत एकाच आकाराच्या होत्या. वाटेत लाईन तुटून फाईल अपुरी राहिली, तर ती दर वेळी निराळ्या जागी तुटते. तिन्ही वेळा आकार तोच येतो, याचा अर्थ रस्ता नीट आहे आणि गोदामातलाच माल बिघडलेला आहे. बिघाड उतरवताना झालेला नव्हता, चढवताना झाला होता.

कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. जुन्या टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन क्रिया होत : गाडी मूळ जागी सरकवणे आणि रूळ एक घर फिरवणे. संगणकात या दोन क्रियांची दोन चिन्हे झाली, त्यांचे क्रमांक १३ आणि १०. विंडोजमध्ये ओळ संपताना दोन्ही चिन्हे लिहितात, युनिक्सच्या यंत्रांवर फक्त १०. एफटीपी ज्या काळात जन्मले तेव्हा प्रत्येक यंत्राची रीत वेगळी होती. म्हणून मजकुराची फाईल एका रीतीतून दुसरीत आपोआप बदलून देण्याची सोय त्यात ठेवली गेली. तिला आस्की पद्धत म्हणतात, आणि नियमांप्रमाणे एफटीपी याच पद्धतीत सुरू होते. निव्वळ मजकुरासाठी ही सोय चांगली. पण छायाचित्रात किंवा दाबलेल्या फाईलमध्ये १३ आणि १० ही जोडी आली तर ती ओळीचा शेवट नसते, त्या मालाचाच भाग असते. युनिक्सच्या सर्व्हरने जिथे जिथे ही जोडी दिसली तिथे तिथे तेरा क्रमांक इमानेइतबारे काढून टाकला.

असे किती वेळा घडेल? दोन बाइटांच्या जोड्या २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ प्रकारच्या होतात. दाबलेल्या फाईलमध्ये सगळ्या जोड्या सारख्याच प्रमाणात येतात असे धरले, तर २० एमबीच्या फाईलमध्ये ही विशिष्ट जोडी सरासरी ३२० वेळा येईल. आमचे तीनशे एकवीस बाइट गेले होते. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात वापरता येईल.

उपाय एका शब्दाचा होता. फाईल चढवण्याआधी 'बायनरी' ही आज्ञा टंकायची. विंडोजसोबत येणारा साधा एफटीपी कार्यक्रम ती आपणहून देत नाही. फाईलझिलासारखे २००१ नंतरचे कार्यक्रम फाईलच्या नावावरून पद्धत स्वतः ठरवतात. ब्राउझरमध्ये ही चूक होऊच शकत नाही, कारण एचटीटीपी ओळींच्या शेवटांना हात लावत नाही. दिले तसे पोचवते. मालाच्या अखंडपणाच्या बाबतीत आम्ही ब्राउझरला झुकते माप देतो ते या कारणाने.

इथे एक खुलासा. मराठी मजकुराची फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसला, की 'डाउनलोड बिघडले' असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत केलेली फाईल, तो फाँट नसलेल्या यंत्रावर अशीच दिसते. फाईल पूर्ण आणि शुद्ध असते, उणा असतो तो फाँट. युनिकोडमध्ये केलेल्या मजकुराला हा प्रश्न सहसा येत नाही.

मध्येच वीज गेली तर

भारनियमनाची ती वर्षे सभासदांच्या लक्षात असतील. फाईल नव्वद टक्के आली की दिवे जात आणि परत सगळे पहिल्यापासून. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर २० एमबीला, लाईन पूर्ण वेगाने चालली तरी, पन्नास मिनिटे लागत. पूर्ण वेग कधी मिळत नसे, त्यामुळे दीड तास धरावा. आणि सायबर कॅफेत घड्याळ चालूच.

तुटले तिथून पुढे सुरू करण्याची सोय दोन्ही पद्धतींत आहे. एफटीपीत त्यासाठी 'रेस्ट' ही आज्ञा आहे : इतके बाइट माझ्याकडे आहेत, पुढचे दे. एचटीटीपीत ही सोय १९९७ च्या सुधारित नियमांत आली, आणि सर्व्हरने तुकडा पाठवला तर तो २०६ हा क्रमांक उत्तरात देतो. मात्र यात एक बारीक भेद आहे. दरम्यान गोदामातली फाईलच कुणी बदलली असेल तर? एचटीटीपीत मालाच्या आवृत्तीची खूण बिल्टीवर देता येते. खूण जुळली नाही की ब्राउझरला नवी फाईल पहिल्यापासून मागता येते. एफटीपीच्या 'रेस्ट' आज्ञेत अशी तपासणी नाही. जुन्या फाईलच्या धडाला नव्या फाईलचे शेपूट जोडले जाते आणि आकारही कदाचित जुळतो.

पूर्णतेबद्दल एफटीपीची एक गोष्ट मात्र आम्हांला आवडते. माल पोचला की सर्व्हर फोनवर स्पष्ट सांगतो : २२६, काम पूर्ण. तुटले तर ४२६. ब्राउझरच्या सुरुवातीच्या काळात कित्येक सर्व्हर बिल्टीवर वजनच लिहीत नसत. लाईन तुटली की ब्राउझर समजे, संपली फाईल, आणि अर्धवट फाईल पूर्ण म्हणून मिरवत असे. आता बहुतेक ठिकाणी वजन लिहिलेले असते आणि ब्राउझर ते ताडून पाहतात.

परवलीचा शब्द

एफटीपीचा मोठा दोष वेगळाच आहे. नाव आणि परवलीचा शब्द त्यात उघड्यावर जातात, भर चाटी गल्लीत ओरडून सांगावे तसे. वाटेतल्या यंत्रावर कुणी कान देऊन बसला असेल तर त्याला सगळे ऐकू येते. सुरुवातीच्या काळात परस्पर विश्वास इतका होता, की सार्वजनिक एफटीपीवर 'ॲनॉनिमस' म्हणजे अनामिक या नावाने कुणीही आत जावे आणि परवलीच्या शब्दाच्या जागी सौजन्य म्हणून आपला ईमेल पत्ता लिहावा, अशी रीत होती. तो काळ गेला. लिनक्सची मूळ फाईल-भांडारे सांभाळणाऱ्यांनी आणि डेबियनने २०१७ साली आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली. ब्राउझरही पूर्वी एफटीपीचे पत्ते उघडत. फायरफॉक्सने जुलै २०२१ मध्ये आणि क्रोमने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती सोय कायमची काढून टाकली. जुन्या पुस्तकात छापलेला एफटीपीचा पत्ता आज ब्राउझरमध्ये उघडला नाही, तर कारण हे आहे.

मग एफटीपीचा अभ्यास करायचाच कशाला, असे विद्यार्थी विचारतील. एक तर अख्खा फोल्डर, आतल्या उपफोल्डरांसह, एकाच आज्ञेत आणणे किंवा चढवणे ही त्याची खासियत आहे. ब्राउझरमध्ये तीनशे प्रश्नपत्रिका म्हणजे तीनशे वेळा बोट टेकवणे. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांना अमेरिकेतील एनसीबीआय या केंद्राच्या जनुकीय माहितीच्या भांडाराशी गाठ पडेल, तिथली रचना एफटीपीच्या काळातली आहे, जरी आता तीच माहिती एचटीटीपीएसनेही मिळते. आणि संस्थेचे, शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला फायली चढवाव्याच लागतात. त्यांनी मात्र साधी एफटीपी न वापरता एसएफटीपी वापरावी. नाव सारखे असले तरी ती एफटीपीची बहीण नव्हे. ती १९९५ साली सुरू झालेल्या एसएसएच या कुलूपबंद पद्धतीवर उभी आहे आणि तिची सगळी ये-जा एकाच वाटेने होते. एफटीपीएस मात्र खरोखरच एफटीपी, फक्त कुलूप लावलेली. परीक्षेत ही दोन नावे मुद्दाम शेजारी देतात.

ब्राउझरमधील कुलपाच्या खुणेवरही भाबडा विश्वास नको. वाटेत कुणी ऐकत नाही, एवढेच कुलूप सांगते. गोदामवाला प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. शासकीय प्रवेशअर्जाची फाईल शासनाच्याच पत्त्यावरून घ्यावी, कुणी पुढे पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे.

करून पाहा

अभ्यासिकेतल्या संगणकावर मजकुराची एक फाईल, एक छायाचित्र आणि एक दाबलेली फाईल अशा तीन फायली 'सराव' या फोल्डरात ठेवल्या आहेत. तिन्हींचा बाइटमधील आकार आणि एसएचए-२५६ हा चौसष्ट चिन्हांचा ठसा शेजारच्या कागदावर लिहिला आहे. एक बाइट जरी बदलला तरी हा ठसा पार बदलतो. फायली आधी ब्राउझरने उतरवून घ्या, मग एफटीपीने आस्की पद्धतीत, मग बायनरीत. एफटीपीचा सराव खोलीतल्या दोन संगणकांमध्येच करायचा आहे, बाहेरच्या सर्व्हरवर नव्हे. दर वेळी आकार आणि ठसा वहीत लिहा. मजकुराची फाईल आस्की पद्धतीत उतरवूनही नीट वाचता येईल, पण तिचा ठसा जुळणार नाही. तो का जुळत नाही, हे दोन ओळींत लिहून रविवारी सकाळी दाखवायला आणावे.